केरसुणी ते मार्शल : जिमी हेंड्रिक्सची रिग

गॅदरिंग दीड महिन्यावर आलंय आणि आमच्या ग्रुपमधला एक भिडू गिटार हातातच घेत नाहीये. कारण काय, तर रिग पूर्ण नाही. रिग म्हणजे गिटारपासून स्पीकरपर्यंतचा सगळा संसार : गिटार, पायाखालची पेडल्स, अँप, केबल्स. ऑनलाइन कार्ट भरलंय, बेरीज मेसच्या सहा महिन्यांच्या बिलापुढं गेलीय आणि रिव्ह्यू बघण्यात रात्र सरतेय. त्याच्या रूममध्ये पोस्टर मात्र जिमी हेंड्रिक्सचं. भावा, पोस्टरवरच्या त्या माणसाची रिग कशी जमली, ते एकदा बघच.

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घरची परिस्थिती बेताची, आई-वडील वेगळे झालेले. शाळेत असताना पोरगं केरसुणी हातात धरून गिटार वाजवल्याची ॲक्टिंग करायचं. १९५७ मध्ये वडिलांबरोबर कामाला गेला असताना कचऱ्यात एक युकुलेली सापडली. तार एकच. त्या एका तारेवर तो रेडिओवरची गाणी कानानं शोधायला लागला. पुढच्या वर्षी आई गेली. त्याच वर्षी पाच डॉलरची जुनी अकूस्टिक गिटार हातात आली.

तो बँडमध्ये गेला, पण ड्रम आणि बाकीच्या गलक्यात त्याची गिटार कुणाला ऐकूच जायची नाही. इलेक्ट्रिक गिटार हवी झाली ती या अडचणीपायी. १९५९ मध्ये वडिलांनी पांढरी सुप्रो घेऊन दिली. ती एका क्लबमधून चोरीला गेली. मग लाल डॅनइलेक्ट्रो आली.

१९६१ मध्ये चोरीच्या गाडीत सापडल्यावर तुरुंग की लष्कर, असा प्रश्न आला. जिमी पॅराट्रूपर झाला. तिथंही वडिलांना पत्र पाठवून गिटार मागवली. सैन्यातून सुटल्यावर काही वर्षं आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा मोठ्या नावांच्या मागं उभं राहून वाजवलं. कधी पैशांसाठी गिटार गहाण पडायची.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या कॅफेत चॅस चँडलर या इंग्लिश संगीतकारानं त्याला ऐकलं आणि सप्टेंबरमध्ये लंडनला नेलं. आपण पोस्टरवर बघतो ती रिग जमली ती इथं.

आधी गिटार. जिमी डावखुरा. त्यानं उजव्या हाताची फेंडर स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली आणि तारा पुन्हा आपल्या क्रमानं लावल्या. त्यामुळं पुलाजवळचा तिरका पिकअपही उलटा झाला. जाड तारा जास्त टोकदार वाजायला लागल्या आणि बारीक तारा थोड्या मऊ. केली होती सोय, पण त्यातून आवाजच वेगळा निघाला.

मग अँप. त्याचा ड्रमर मिच मिचेल पूर्वी लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात कामाला होता. त्यानं दोघांची गाठ घालून दिली. गंमत म्हणजे जिमीचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स! शंभर वॉटचा मार्शल फुल सोडला की आतले व्हॉल्व्ह ताणले जातात आणि आवाज फाटतो. वर स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो आणि सूर थांबतच नाही. यालाच फीडबॅक म्हणतात. बाकीचे तो टाळायचे. जिमी अँपपासून किती लांब आणि कुठल्या कोनात उभं राहायचं, हे शोधत त्यातून सूर काढायचा.

पायाखाली आधी वा-वा, मग फझ फेस. फझमध्ये तेव्हा जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असायचे. दोन पेडल्स सारखी वाजायची नाहीत आणि गरम झाली की आवाज बदलायचा. म्हणून अनेक वाजवून त्यातलं एक कानानं निवडायचं. मिरजेत गवई तंबोऱ्याची जवारी आपल्या कानाला पटेपर्यंत काढून घेतात ना, तसंच. रॉजर मेयर हा ब्रिटिश नौदलासाठी काम केलेला तंत्रज्ञ. त्याच्या ऑक्टेव्हिया पेडलनं सुरावर वरच्या सप्तकाची सावली पडायची. १९६७ च्या ‘पर्पल हेझ’मधला सोलो त्याचाच.

त्याच वर्षी जूनमध्ये माँटेरीच्या स्टेजवर त्यानं गिटार पेटवली. फोटो जगभर गेला, पण पुढं लोक वाजवण्यापेक्षा तमाशाच मागायला लागले. त्याचा त्याला वैताग यायचा.

१८ ऑगस्ट १९६९, वुडस्टॉक. सोमवारची सकाळ, बरीच गर्दी घरी गेलेली. व्हिएतनामचं युद्ध चालू. एकेकाळच्या या पॅराट्रूपरनं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं आणि त्याच गिटारमधून बॉम्ब, किंकाळ्या आणि सायरन काढले. पायाखाली वा-वा, फझ आणि नवं युनि-व्हाइब, मागं मार्शल. एकेक करत जमवलेलं सगळं सामान त्या काही मिनिटांत कामाला आलं. नोटेशन वाचता न येणारा हा माणूस होता, हे लक्षात ठेवा.

स्टुडिओच्या भाड्यात पैसा वाहून जायचा म्हणून त्यानं न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओ उभारला. उद्घाटन २६ ऑगस्ट १९७० ला झालं. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक होऊन तो गेला. वय २७. नशेनं या पिढीतले बरेच वादक नेले. त्यात काही हिरोगिरी नाही. हक्काचा स्टुडिओ त्याला जेमतेम वापरता आला, ही चुटपुट आहे. तो स्टुडिओ आजही चालू आहे. वुडस्टॉकची ती पांढरी स्ट्रॅटोकास्टर सिएटलच्या म्युझियममध्ये आहे, केरसुणीवाल्या पोराच्या गावात.

त्याच्या रिगमधली प्रत्येक वस्तू कुठल्यातरी अडचणीनंतर आलीय. ऐकू जात नाही, म्हणून इलेक्ट्रिक. गिटार उजव्या हाताची, म्हणून उलटी. सूर टिकत नाही, म्हणून मार्शल. अडचण कळायला आधी वाजवायला लागतं.

हे सगळं आमच्या भिडूला सांगितलंय. कार्टचं काय करायचं ते त्यानं ठरवावं. सराव आज सहाला आहे. आहे ती गिटार, आहे तो छोटा अँप. तार तुटकी असली तरी चालेल.