स्पर्शावाचून नाडी

वनस्पतींच्या संवेदना यंत्राने टिपणारे शास्त्रज्ञ, एवढीच जगदीशचंद्र बोस यांची ओळख शाळेच्या पुस्तकाने आपल्याला करून दिली. पण अंगाला वायर न चिकटवता रुग्णाचे श्वास आणि हृदयाचे ठोके मोजणारे रडार आता आले आहे. त्या निमित्ताने हे चरित्र पुन्हा वाचले, की त्याला निराळाच अर्थ येतो.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये जन्मलेले जगदीशचंद्र वैद्यक शिकण्यासाठी १८८० साली लंडनला गेले होते. मायदेशी जडलेला ताप मात्र पाठ सोडीना. शवविच्छेदनाच्या खोलीतल्या उग्र वासाने तो बळावे. अखेर वैद्यक सोडून त्यांनी केंब्रिजला विज्ञानाची वाट धरली.

१८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी काम चोख केले, पण तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. घरी वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते. उभी हयात बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला या बाण्याची किंमत नेमकी कळते. शेवटी पूर्ण पगार थकबाकीसह मिळाला आणि त्यातून ते कर्ज फिटले.

पुढे एका लहानशा खोलीत त्यांनी ५ मिलिमीटर इतक्या आखूड लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. १८९५ साली कलकत्त्यातल्या जाहीर प्रयोगात अशा अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली. जगाला मात्र दूरवर संदेश धाडायचे होते आणि त्यासाठी लांब लहरीच सोयीच्या होत्या. बोस स्वतः सजीवांकडे वळले. १९०१ साली रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापायचे थांबवले. तरी ते मागे हटले नाहीत. रोपाची वाढ १०,००० पट मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी घडवला. १९१७ साली स्वतःची संशोधन संस्था उभारली, आणि १९२० साली त्याच सोसायटीने त्यांना फेलो केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी ते गेले, तेव्हा रडार हा शब्दही जन्मला नव्हता.

कराडच्या एखाद्या दवाखान्यात रात्री रुग्णाजवळ बसलेली सून काय करते? पांघरूण वर-खाली होते आहे ना, ते पाहत राहते. रडारही हेच करते. श्वासाने छाती काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने त्याहूनही कमी. परतलेल्या लहरीत पडलेल्या फरकावरून यंत्र ते ओळखते. अशा काही यंत्रांतली लहर ६० गिगाहर्ट्झची, म्हणजे बोसांचीच ५ मिलिमीटरची असते. भाजलेल्या रुग्णाला किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, ज्यांच्या कातडीला चिकटपट्टीही सोसत नाही, त्यांना याचा मोठा आधार होऊ शकतो. अर्थात रुग्णाने कूस बदलली की यंत्राचा हिशेब चुकतो, आणि कपाळावर हात ठेवायला माणूसच लागतो.

बोसांनी आधी आखूड लहरी शोधल्या, मग सजीवांची सूक्ष्म हालचाल मोजली. लोकांना ती दोन वेगळी आयुष्ये वाटली. आज ती दोन्ही एकत्र आली आहेत, आणि तीही रुग्णाच्या खाटेपाशी, जिथे पोहोचायला तरुणपणी ते घरून निघाले होते.