खाशाबा आणि गहाण पडलेलं घर
१५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन जवळ आला की वर्गात खाशाबा जाधव सांगावेच लागतात. याच दिवशी १९२६ साली कराडजवळच्या गोळेश्वरला त्यांचा जन्म झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. आपल्यातलं कोण टाकील हो? खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आल्यावर कोल्हापुरात कुस्त्या लढले आणि बक्षिसाचे पैसे सरांचं घर सोडवायला दिले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात अकाली गेले, वय ५८. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा.