जे. आर. डी. टाटा : मुक्काम आधी नेमणारा वैमानिक

अलीकडे आपल्या नंदगडच्या रस्त्यावरूनही विजेवर चालणारी मोटार आवाज न करता निघून जाताना दिसते. अशा मोटारीने खानापूर किंवा बेळगाव गाठावयाचे असेल, तर फारसा विचार करावा लागत नाही. परंतु निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे असे करीत मुंबईस जावयाचे म्हटले, म्हणजे पाचशे किलोमीटरांहून अधिक वाट होते आणि मग निघण्यापूर्वीच कागद घेऊन बसावे लागते. एकदा पूर्ण चार्जिंग केल्यावर गाडी किती चालेल, चढावर वीज किती अधिक खर्च होईल, वाटेत चार्जिंगची सोय कोठे आहे, ती नादुरुस्त असेल तर पुढची किती अंतरावर आहे, जेवणाचा थांबा आणि चार्जिंगचा थांबा एकच करता येईल काय, या प्रश्नांची उत्तरे घरीच शोधावी लागतात. जागोजागी पेट्रोलपंप झाल्यामुळे हा हिशेब आपण विसरून गेलो होतो. आपल्या पणजोबांना मात्र तो पाठ होता. पाणवठा कोठे, वैरण कोठे मिळेल आणि रात्र कोठे काढावयाची, हे ठरविल्यावाचून ते दूरच्या वाटेला बैलगाडी जुंपीत नसत.

हा हिशेब न केल्याचा प्रसाद आम्हांस एकदा मिळाला आहे. एका स्नेह्याच्या विजेवरील मोटारीतून आम्ही चोर्ला घाटाने गोव्यास उतरलो. उतारावर वीज जवळजवळ खर्च झाली नाही. उलट गाडीचा वेग आवरताना थोडी वीज बॅटरीत परत भरली गेली. या आनंदात आम्ही परतीचा चढ विसरलो. दोन दिवसांनी घाट चढून येईतो विजेचा साठा इतका खाली गेला की, बेळगाव गाठण्याची आशा सोडावी लागली. रात्र पडली होती. रस्त्याकडेच्या एका लहानशा हॉटेलाच्या मालकाने आपल्या घरातील साध्या बटणावर गाडी जोडू दिली. चार तास आम्ही त्याच्या ओसरीवर बसून होतो. निघताना त्याने चहाचे पैसे घेतले, विजेचे घेतले नाहीत. त्या ओसरीवर बसल्या बसल्या आम्हांस ज्या पुरुषाची आठवण झाली, त्याचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. ते पुरुष म्हणजे भारतातील नागरी विमान वाहतुकीचे प्रवर्तक जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होत.

जे. आर. डी. टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटा यांचे आप्त व सहकारी, तर आई फ्रेंच होती. त्यांचे बालपण फ्रान्स, मुंबई आणि जपान अशा दूरदूरच्या ठिकाणी विभागले गेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्दलो या गावी टाटा कुटुंब सुटीत राहावयास जाई. १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून जगास थक्क करणारे लुई ब्लेरियो यांचेही घर तेथेच होते. समुद्रकिनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहताना या बालकाच्या मनात आकाशाची ओढ निर्माण झाली, ती अखेरपर्यंत टिकली. पुढे केंब्रिज येथे शिकण्याची त्यांची फार इच्छा होती, परंतु वडिलांनी त्यांना मुंबईस कामावर बोलावून घेतले. १९२६ साली वडील वारले आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी घराण्याचा भार या तरुणावर येऊन पडला.

मुंबईत उड्डाण शिकविणारी संस्था निघताच जे. आर. डी. तेथे दाखल झाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

त्यानंतर लवकरच आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून जो भारतीय प्रथम पार करील, त्यास पाचशे पौंड मिळावयाचे होते. १९३० साली तीन तरुण या स्पर्धेत उतरले : मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. अस्पी इंग्लंडहून भारताकडे निघाले होते, तर जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे. त्या काळातील लहान विमानाच्या टाकीत थोडेच इंधन मावत असे. त्यामुळे वाळवंट आणि समुद्र यांच्या कडेकडेने, ठिकठिकाणी उतरून इंधन घेत, इंजिन तपासून पुढे जावे लागे.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबूकीर येथे जे. आर. डी. उतरले, तेव्हा त्यांना तेथे अस्पी भेटले. ते अडकून पडले होते. इंजिनात ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग बिघडले होते आणि त्यांच्यापाशी जास्तीचे प्लग नव्हते. अशा वेळी दुसऱ्या स्पर्धकाने काय केले असते, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करून पाहावा. मुकाट्याने इंधन भरून निघून जाणे हे नियमाविरुद्ध नव्हते. जे. आर. डीं.नी मात्र आपल्याजवळचे प्लग काढून अस्पींच्या हाती ठेवले. दोघे दोन दिशांना उडाले. अस्पी कराचीस आधी पोचले आणि थोडक्या अंतराने बक्षीस जिंकून गेले. जे. आर. डीं.ना बक्षीस मिळाले नाही. पुढे हेच अस्पी इंजिनिअर १९६० साली भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. अबूकीरच्या धुळीत दिलेले ते दान वाया गेले नाही, असेच म्हटले पाहिजे.

या प्रवासात आम्हांस दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सुटे भाग बरोबर घेऊन निघण्याची दूरदृष्टी ही पहिली. ते दुसऱ्यास देण्याचे औदार्य ही दुसरी. पहिलीवाचून दुसरी संभवत नाही. ज्याने स्वतःच्या वाटेचा नीट हिशेब केलेला असतो, त्याच्यापाशीच अडलेल्याला देण्याजोगे काही उरते.

याच सुमारास नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे ब्रिटिश वायुदलातील माजी वैमानिक भारतात आले. इंग्लंडहून येणारे टपाल त्या वेळी इंपीरियल एअरवेज कंपनीची विमाने कराचीपर्यंत आणीत. तेथून पुढे ते आगगाडीने जाई. कराचीहून मुंबई आणि मद्रासपर्यंत ते विमानाने न्यावे, अशी व्हिन्सेंट यांची योजना होती. जे. आर. डीं.नी ती उचलून धरली. टाटा कंपनीचे प्रमुख सर दोराबजी आरंभी फारसे राजी नव्हते. परंतु जॉन पीटरसन या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने रदबदली केली आणि दोन लाख रुपये मिळाले. सरकारदरबारी परवानगी मिळविण्यात आणखी काही वर्षे गेली. अखेर १९३२ साली करार झाला.

आता खरा प्रश्न मुक्कामांचा होता. त्यांची पुस मॉथ विमाने अगदी लहान होती. कराचीहून एका दमात मुंबई गाठता यावी एवढे इंधन घ्यावे, तर टपालास वजन उरत नाही. आणि टपाल घ्यावे, तर इंधन पुरत नाही. विजेच्या मोटारीतही हेच कोडे आहे. बॅटरी मोठी घेतली तर गाडी जड होते आणि तेवढे वजन ओढण्यातच वीज खर्ची पडते. यावर शहाणपणाचा उपाय एकच. साठा बेताचा ठेवावा आणि थांबे योग्य अंतरावर नेमावेत. त्याप्रमाणे कराची, अहमदाबाद, मुंबई, बळ्ळारी आणि मद्रास असा मार्ग ठरला. प्रत्येक ठिकाणी विमान उतरण्यापूर्वी इंधन तेथे पोचलेले असले पाहिजे, हे त्या योजनेचे मर्म होते.

१५ ऑक्टोबर १९३२ हा तो दिवस. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डीं.नी सुमारे २५ किलो टपाल घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एकट्याने उड्डाण केले. वाट सांगणारी बिनतारी यंत्रणा नव्हती. खाली दिसणारी भूमी, हातातील नकाशा आणि मनातील हिशेब एवढ्याच आधारावर ते अहमदाबादेस उतरले. तेथे बर्मा शेल कंपनीच्या पेट्रोलचे डबे घेऊन एक बैलगाडी उभी होती! आकाशयानाला इंधन पुरवावयास बैलगाडी यावी, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहा. नवे वाहन कितीही वेगवान असो, त्याची पहिली पावले जुन्या वाहनाच्या आधारानेच पडतात. डबे रिकामे झाले, विमान पुन्हा उडाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईच्या जुहू येथे सुखरूप उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी ते टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले.

जुहूचा तो विमानतळ म्हणजे समुद्राकाठची सखल जमीन होती. ताडपत्र्यांनी शाकारलेली एक शेड, दोन लहान विमाने आणि मोजकी माणसे एवढाच संसार. पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जाई, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पुण्यास येरवड्याला हलवावा लागे. म्हणजे कागदावर थांबा नेमून काम संपत नसे. तो कोणत्या ऋतूत उपयोगी पडेल याचाही विचार करावा लागे. या काटेकोरपणामुळे टाटांचे टपाल वेळेवर येते, असा लौकिक झाला. १९३५ साली गोवा आणि कण्णूर येथे थांबत मुंबईहून तिरुवनंतपुरमला जाणारी विमानसेवा सुरू झाली. जे अंतर आमच्या कोकणी घरांतील वडीलधारी मंडळी आगबोटीने किंवा घाटवाटेने कापीत, त्यावरून विमान जाऊ लागले.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १९३८ साली, चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. १९४६ साली त्यांच्या विमान कंपनीस एअर इंडिया हे नाव मिळाले. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, त्यात जे. आर. डी. स्वतः होते. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपण उभारलेली संस्था हातातून गेल्याचे दुःख त्यांना झाले. तरीही ते रुसून बसले नाहीत. १९७८ पर्यंत त्यांनी एअर इंडियाच्या अध्यक्षपदाची धुरा वाहिली. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या वृद्ध वैमानिकाने जुन्या धाटणीच्या लहान विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. जन्मगाव पॅरिस येथेच त्यांना चिरविश्रांती मिळाली. २०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली, हे पाहावयास ते नव्हते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या विजेच्या मोटारी चालवतील. काहीजण त्या बनवतील. तेव्हा वाहनाच्या वेगाचे कौतुक अवश्य करा, परंतु दूरची वाट जिंकली जाते ती थांब्यांवर, हे विसरू नका. निघण्यापूर्वी हिशेब मांडा. चढासाठी थोडा साठा राखून ठेवा. एक थांबा चुकला तर दुसरा कोणता, हे ठरवून ठेवा. परीक्षेच्या वर्षासही हाच नियम लागू आहे, हे शिक्षकाने निराळे सांगावयास नको!

आणि वाटेत कोणी अडलेला भेटला, तर अबूकीरचे ते स्पार्क प्लग आठवा. घाटमाथ्यावरील ज्या हॉटेलमालकाने आम्हांस वीज दिली, त्याने जे. आर. डीं.चे चरित्र वाचले होते की नाही, हे आम्ही विचारले नाही. पण त्या रात्री बेळगावचे दिवे दिसू लागले, तेव्हा अस्पींना कराची दिसताना काय वाटले असेल, याची थोडीशी कल्पना आम्हांस आली.