झडपेचा जनक दनी पापँ

पूर्वी आपल्याकडे अनेक घरांत स्नानाचे पाणी तांब्याच्या बंबात तापवीत. बंबाच्या मधल्या नळीत विस्तव धगधगत असे आणि भोवतालचे पाणी तापत असे; परंतु वरून पाणी ओतण्यासाठी बंबाला उघडे तोंड असल्यामुळे वाफ आत कोंडून राहत नसे. गिझरचे तसे नाही. त्याची टाकी चोहोबाजूंनी बंद असते. पाणी ठरावीक तापमानाला पोचले, की वीज आपोआप तोडली जाते. पण वीज तोडणारी ती कळच बिघडली तर? कोंडलेले पाणी १०० अंशांच्या पुढे तापत जाते आणि दाब वाढत राहतो. अशा वेळी टाकी फुटली, तर पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होऊन मूळच्या १६०० पटींहून अधिक जागा व्यापू पाहतो. हा अनर्थ टाळावा म्हणून गिझरला एक लहानशी झडप बसवलेली असते. दाब मर्यादेपलीकडे गेला, की ती उघडते आणि आतल्या पाण्याला बाहेर वाट करून देते. अशी झडप प्रथम योजणारा दनी पापँ हा पेशाने वैद्य होता.

पापँचा जन्म २२ ऑगस्ट १६४७ रोजी फ्रान्समधील ब्ल्वा या शहराजवळ एका प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. आंझे येथील विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास करून त्याने १६६९ मध्ये पदवी मिळवली. पण नाड्या तपासण्यात त्याचे मन रमेना. पॅरिसला जाऊन तो ख्रिस्तीआन हायगेन्झ या थोर शास्त्रज्ञाचा मदतनीस झाला आणि हवा काढून घेणाऱ्या पंपावर प्रयोग करू लागला. १६७५ मध्ये तो लंडनला गेला. तेथे रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळाले.

उघड्या पातेल्यातील पाणी एकदा उकळू लागले, की जाळ कितीही वाढवला तरी ते अधिक तापत नाही. जादा उष्णता वाफेबरोबर निघून जाते. पापँने वाफेला बाहेरच पडू दिले नाही. त्याने जाड धातूचे एक भांडे घेतले, त्याचे झाकण स्क्रूने घट्ट आवळले आणि भांडे विस्तवावर ठेवले. दाब वाढल्यामुळे आतील पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक तापले. एरवी दिवसभर शिजवूनही न नमणारी हाडे त्यात मऊ पडली. १६७९ मध्ये त्याने हे भांडे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. जे मांस व जी हाडे लोक टाकून देतात, त्यांतून गोरगरिबांना स्वस्तात सकस अन्न मिळावे, हा त्याचा हेतू होता. आपला प्रेशर कुकर हा या भांड्याचाच वंशज होय.

मात्र हे भांडे जितके उपयोगी, तितकेच भयंकर होते. आत किती दाब साठला आहे, हे बाहेरून दिसत नसे. तापमान मोजण्यास खात्रीचा तापमापकही तेव्हा नव्हता. झाकणावरच्या खळग्यात पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि तो आटेपर्यंत दोरीला टांगलेल्या लंबकाचे किती झोके होतात ते मोजायचे, अशी रीत पापँने काढली होती! परंतु अंदाज चुकला म्हणजे काय? भांडे अधिक जाड करणे हा एक उपाय झाला. पण जाड भांडे फुटते तेव्हा अधिक जोराने फुटते. पापँने उलट विचार केला. त्याने मुद्दामच झाकणाला एक बारीक छिद्र ठेवले आणि त्यावर झडप बसवली. झडपेवर एक दांडी आडवी टाकली. दांडीचे एक टोक खिळवलेले होते व दुसऱ्या बाजूला वजन टांगलेले होते. वजन टोकाकडे सरकवले, की झडप अधिक जोराने दाबली जाई. अलीकडे आणले, की कमी. वाफेचा जोर त्या वजनाहून वाढला, की ती स्वतःच झडप उचलून बाहेर पडे. भांड्याजवळ माणूस असो वा नसो, झडप आपले काम करीत राही.

त्या वजनाचे मोल पुढे एका माणसाच्या प्राणांनी मोजले गेले. खाणीतील पाणी उपसण्यासाठी टॉमस सेव्हरी या इंग्रजाने १६९८ मध्ये वाफेच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यास पुढे डेसाग्युलिअर्स या शास्त्रज्ञाने पापँची झडप जोडली. असे एक यंत्र एका अनभिज्ञ माणसाच्या हाती पडले. काम लवकर उरकावे म्हणून त्याने वजन दांडीच्या अगदी टोकाला सरकवले, आणि तेवढ्याने समाधान न होऊन आणखी एक जड लोखंड तेथे अडकवले. झडपेला उघडताच येईना. बाष्पपात्र फुटले आणि तो जागीच ठार झाला. ही हकीकत डेसाग्युलिअर्सनेच लिहून ठेवली आहे. ती वाचताना मला आजकालची घरे आठवतात. पाणी तापताना प्रसरण पावते, म्हणून गिझरच्या झडपेतून थेंब थेंब पाणी गळते. फरशी ओली होते म्हणून काही मंडळी त्या तोंडाला खुशाल बूच मारतात! अडाणीपणा तोच, केवळ काळ निराळा.

पापँच्या आयुष्याकडे पुन्हा वळू. १६८५ मध्ये फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले आणि पापँला मायदेशाची दारे बंद झाली. तो जर्मनीत मारबुर्ग येथे गणिताचा प्राध्यापक झाला. वाफेच्या बळावर नळकांड्यातील दट्ट्या वर ढकलता येतो आणि वाफ थंड केली, की हवेच्या दाबाने तो खाली येतो, हे त्याने १६९० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ज्या वाफेच्या एंजिनांनी जग बदलले, त्यांचे बीज या लेखात होते. पण हाताशी पैसा नाही, कुशल लोहार नाहीत, अशा स्थितीत बीज तसेच राहिले.

१७०७ मध्ये तो कासेलहून एका नौकेतून फुल्दा नदीने निघाला. नौकेला वल्ह्यांऐवजी चाके होती. ती वाफेवर चालत होती असा समज पुढे पसरला. परंतु चाके हातांनीच फिरवली जात असावीत. म्यूंडेन येथे नावाड्यांच्या संघाने आपल्या हक्काच्या पाण्यात ही परकी नाव आली म्हणून ती अडवली आणि मोडून टाकली. साठीला आलेला पापँ रिकाम्या हाताने लंडनला परतला.

तेथे त्याला ओळखणारे जुने स्नेही फारसे उरले नव्हते. नव्या प्रयोगांसाठी त्याने रॉयल सोसायटीकडे साहाय्य मागितले. ते मिळाले नाही. १७१२ च्या जानेवारीत लिहिलेल्या पत्रानंतर त्याचा एकही शब्द उपलब्ध नाही. तो कोठे व कधी वारला, हे लोकांना कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. अलीकडे लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या जुन्या नोंदवहीत त्याच नावाची एक दफननोंद सापडली. तिच्यापुढे २६ ऑगस्ट १७१३ ही तारीख आहे.