थोरांची ओळख : उघडता येणारी आगगाडी बनवणारे फ्रँक हॉर्नबी



आपल्या लोधीखेड्याच्या स्टेशनवरून नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन धावत होती, हे तुमच्या आई-वडिलांना चांगले आठवत असेल. २०१५ साली ती बंद झाली आणि पुढे तिच्या जागी मोठी लाईन आली. छोट्या लाईनच्या दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर होते. त्याहून कितीतरी लहान, म्हणजे अवघ्या ३२ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावणारी आगगाडी ज्यांनी मुलांच्या हाती दिली, त्या फ्रँक हॉर्नबी यांची आज ओळख करून घेऊ.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते कारकुनी करू लागले. पुढे मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी हिशेबनिसाचे काम केले. इंजिनिअरिंगचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, पण हाताने वस्तू बनवण्याची आवड होती. आपल्या दोन मुलांसाठी ते घरीच पत्रा कापून खेळणी तयार करत. एका खेळण्यासाठी कापलेला तुकडा दुसऱ्या खेळण्यात बसत नसे. मग सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोके पाडली आणि त्या नट-बोल्टने जोडल्या तर? त्याच पट्ट्यांची आज क्रेन होईल, उद्या पूल होईल, हे त्यांच्या लक्षात आले.

१९०१ साली त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यासाठी लागणारे पाच पौंड त्यांनी मालकाकडून उसने घेतले होते. लिव्हरपूलच्या विद्यापीठातील इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली. १९०७ साली त्याला 'मेकॅनो' हे नाव मिळाले. आपल्याकडेही अनेक घरांत मेकॅनोचा डबा होता.

१९२० साली हॉर्नबी यांनी चावीची आगगाडी बाजारात आणली. तिचे वैशिष्ट्य असे की तीही नट-बोल्टने जोडलेली होती. मुलाला ती सोडवता येई, पुन्हा जोडता येई आणि मोडलेला भाग बदलता येई. १९२५ साली विजेवर चालणारी गाडी आली. तिच्या एका प्रकाराला घरातल्या विजेचा जास्त दाब लागे. मुलांच्या खेळण्यात तो धोका नको, म्हणून पुढे कमी व्होल्टच्या गाड्याच राहिल्या. १९३० नंतरच्या २० व्होल्टच्या इंजिनांना समोर छोटा दिवाही आला.

आता दिवा म्हटला की तो कधीतरी उडणारच. बल्बमधली टंग्स्टनची तार तापून हळूहळू झिजते आणि एके दिवशी तुटते. समोरची बत्ती गेली की मुलाला वाटते, इंजिनच बिघडले. पण इंजिन उघडता येत असेल तर काम सोपे आहे. आधी वीज बंद करून इंजिन रुळावरून उचलावे. बल्ब थंड होऊ द्यावा. खालचा स्क्रू काढून वरचे कवच अलगद उचलावे. जुना बल्ब फिरवून काढावा, होल्डरमधली पितळी पट्टी कोरड्या कापडाने पुसावी आणि तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच आकाराचा बल्ब बसवावा. कमी व्होल्टचा बल्ब लावला तर तो आधी लख्ख पेटतो आणि लगेच उडतो. त्याच्या उष्णतेने प्लास्टिकचे कवचही वाकडे होऊ शकते. एवढ्याशा कामात विजेचा एक पूर्ण धडा शिकून होतो.

हॉर्नबी १९३१ ते १९३५ या काळात इंग्लंडच्या संसदेचे सदस्य होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलचा त्यांचा कारखाना १९७९ साली बंद पडला. तरीही त्या काळची इंजिने शौकीन लोकांकडे आजही धावतात, कारण त्यांचा एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो. असा छंद आपल्याकडेही आहे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे लघु रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. सहलीला गेलात तर जरूर पाहा.

पालकांना एक विनंती आहे. आजची बरीच खेळणी चिकटवून बंद केलेली असतात; दिवा गेला की सगळे खेळणेच कचऱ्यात जाते. खेळणे घेताना त्याला स्क्रू आहेत का, हे पाहावे. मुलाने सेलवर चालणारे बंद खेळणे उघडले तर रागावू नये, शेजारी बसून पाहावे. मात्र घरातल्या विजेच्या बोर्डाला त्याने मोठ्यांशिवाय हात लावू नये, हे बजावून सांगावे. आणि विश्वस्त मंडळाला नम्र सूचना : शाळेच्या प्रयोगशाळेत स्क्रूड्रायव्हर, सेल, तार आणि छोटे बल्ब यांची एक पेटी असावी. तिला खर्च फार येणार नाही.

विद्यार्थ्यांनो, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेल्या एका कारकुनाने लाखो मुलांच्या हाती पाना दिला. तुम्ही तर शाळेत आहात. एखादी वस्तू बंद पडली तर ती टाकण्याआधी, नेमके काय गेले आहे, एवढे नक्की शोधा.

— प्राचार्य