ट्रंपेटवादक चिक चॉकलेट

आपल्या कोंकणांत देवळाच्या दारीं सनई वाजते, लग्नाच्या वरातींत बँडाचीं पितळी वाद्यें वाजतात. ऐकणाऱ्याचें लक्ष सुराकडे असतें. तो सूर ज्याच्या छातींतून निघतो त्या माणसाचें नांव विचारावें, असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. लाखों लोकांनीं ज्याचे सूर ऐकले, पण ज्याचें नांव फार थोड्यांस ठाऊक झालें, अशा एका वादकाचें चरित्र आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चिक चॉकलेट हें त्यांचें रंगभूमीवरील नांव. मूळ नांव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ सालीं गोव्यांतील हळदोणें ह्या गांवीं झाला. त्या काळीं गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचण्यास व वाद्यें वाजविण्यास शिकवीत असत. आंतोनियो यांस संगीताची गोडी लागली ती अशाच शाळेंत. मुलानें यंत्रकाम शिकून चांगल्या पगाराची नोकरी धरावी, अशी त्यांच्या आईची इच्छा होती. ह्या माउलीस आम्ही दोष देणार नाहीं. केळशीच्या किती तरी घरांतून कर्ता मुलगा मुंबईस गेला आणि मागें राहिलेल्यांचे डोळे मनिऑर्डरीकडे लागले. वाद्याच्या फुंकरीवर संसार चालेल असा भरंवसा कोणती आई धरील? परंतु मुलाचें मन ट्रंपेटवर जडलें होतें.

ट्रंपेट हें वाद्य दिसावयास सोपें आहे. त्यास अवघ्या तीन कळा. पण सगळे सूर केवळ त्या कळांनीं निघत नाहींत. ओठ किती आवळावे, श्वास किती जोरानें सोडावा, ह्यावर सूर अवलंबून असतो. त्यांतून चिक यांनीं पत्करलें तें जॅझ संगीत. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांत जन्मलेल्या ह्या संगीतांत, आपल्या गवयाप्रमाणेंच, वादकास आयत्या वेळीं नवी स्वररचना करावी लागते. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा जॅझ-वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला आणि ह्या संगीताचें वारें मुंबईंत चांगलेंच पसरलें. प्रसिद्ध अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे चिक यांचे आदर्श होते. त्यांची वादनपद्धति चिक यांनीं इतकी आत्मसात केली कीं, लोक त्यांस भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले.

मुंबईंत त्यांनीं स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि १९४० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांत तो वाजूं लागला. पण हॉटेलांत जाणारे लोक ते किती! त्यांचे सूर खेडोपाडीं पोहोंचविले ते चित्रपटांनीं. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल सांगत. पाश्चात्य स्वरलेखन जाणणारे गोमंतकीय वादक ती कागदावर उतरवून घेत आणि कोणत्या वाद्यानें काय वाजवावें हें ठरवीत. पुणतांब्यास जन्मलेले सी. रामचंद्र आणि हळदोण्याचे चिक यांचा असाच मिलाफ झाला. भगवान पालव यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटांत तर चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावरहि दिसतात. त्याच वर्षींच्या ‘नादान’ आणि १९५२ सालच्या ‘रंगीली’ ह्या चित्रपटांस त्यांनीं स्वतः संगीत दिलें. तथापि इतरांच्या गाण्यांत त्यांनीं व त्यांच्या जातभाई वादकांनीं जे श्रम ओतले, त्यांची नोंद श्रेयनामावलींत क्वचितच झाली. गाणें घरोघर गेलें. वादक मात्र स्टुडिओच्या दाराबाहेर अनामिकच राहिला. ही गोष्ट आम्हांस खटकते.

त्यांच्या हयातींतच मुंबईच्या चित्रपटसृष्टींत दुसरें एक नवल घडलें. १९५४ सालच्या ‘नागिन’ चित्रपटांत गारुड्याच्या पुंगीचा सूर कल्याणजी यांनीं क्लॅव्हिओलिन नांवाच्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढला. तेथें फुंकर मुळींच नव्हती. होत्या फक्त पट्ट्या आणि वीज. मग छातीच्या श्वासाची गरज संपली कीं काय? तसें झालें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत नाईल स्टायनर ह्या ट्रंपेटवादकानेंच एक विद्युत्-वाद्य घडविलें. त्यांत फुंकर घालावी, ट्रंपेटसारख्या कळा दाबाव्या. आंतील योजना श्वासाचा दाब मोजते आणि सूर विजेच्या साहाय्यानें तयार होतो. पुढें सॅक्सोफोनच्या धर्तीवरहि अशीं वाद्यें निघालीं, आणि मायकेल ब्रेकर यांच्यासारख्या नामांकित जॅझवादकानें तीं हातीं घेतलीं. एकाच नळींतून बासरी, ऑर्गन वा व्हायोलिन यांसारखे सूर काढतां येतात. पण सूर हळूं उमलावा कीं एकदम उसळावा, हें वादकाच्या श्वासावाचून ठरत नाहीं. विजेनें आवाज दिला. जीव ओतण्याचें काम माणसाकडेच राहिलें.

चिक चॉकलेट यांनीं हीं नवीं वाद्यें पाहिलीं नाहींत. १९६७ सालीं, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. मुलांनो, त्यांच्या चरित्रापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. आवडीचें काम पत्करावयाचें तर त्यासाठीं श्रमहि तितकेच करावे लागतात, हें एक. आणि दुसरें हें कीं, पुढल्या वेळीं जुनें गाणें कानीं पडून पाय ताल धरूं लागले, किंवा आपल्या गांवच्या वरातींत बँडवाला गाल फुगवून वाजवितांना दिसला, तर क्षणभर थांबा आणि त्याचें नांव विचारा. ज्याच्या श्वासावर आपण आनंद केला त्याचें नांव ठाऊक असणें, हें त्याचें आपणांवरील ऋणच आहे.