मूत्रपिंडाच्या विकाराला ज्यांचे नाव मिळाले
रिचर्ड ब्राइट यांचा जन्म १७८९ साली ब्रिस्टल येथील एका पेढीवाल्याच्या घरी झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण चालू असतानाच ते आइसलँडच्या मोहिमेवर गेले. पुढे हंगेरीचे प्रवासवर्णनही त्यांनी लिहिले. कीर्ती मात्र लाभली ती लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील कामामुळे.

अंगावरची सूज हाच त्या काळी एक रोग मानला जाई. सुजलेल्या रुग्णाचे मूत्र ब्राइट चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत. ते पांढरे होऊन साकळले, की अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात उतरत असल्याचे कळे. एवढे वेल्स व ब्लॅकॉल यांनीही आधी पाहिले होते. पण ब्राइट रुग्णाच्या मृत्यूनंतर शवविच्छेदनही करीत आणि तेथे त्यांना मूत्रपिंडे बिघडलेली आढळत. हा संबंध त्यांनी १८२७ च्या ग्रंथात सप्रमाण मांडला. काहींना आधी स्कार्लेट ताप येऊन गेलेला असे, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

मूत्रपिंडातील केशिकांचे सूक्ष्म गुच्छ रक्त गाळतात. त्यांचा दाह झाला, की प्रथिन झिरपते आणि पाणी अंगात साठते. या गुच्छांचा मूत्रनलिकांशी असलेला संबंध बोमन यांनी १८४२ मध्ये उलगडला. त्याच वर्षी गाय्जमध्ये ब्राइट यांच्यासाठी बेचाळीस खाटांचे दोन कक्ष राखून ठेवण्यात आले. रोग ओळखता येई, बरा करता येत नसे. रक्त काढणे व रेचके देणे यांपलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते.

१८५८ मध्ये ते हृदयविकाराने निवर्तले. पुढे कित्येक दशके डॉक्टर या विकारांना 'ब्राइटचा रोग' असेच म्हणत.